टोपीकरांची नावं आणि आपली

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला घोड नदीच्या काठी शिरूर आहे आणि भीमेच्या काठी दौंड. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही गावांचा इंग्रजांशी रोजचा संबंध आला. शिरूरचा लष्कराच्या छावणीमुळे, दौंडचा आगगाडीमुळे. या संबंधातून दोन्ही गावांची नावं परक्या लिपीत गेली आणि जाताना बदलली. इंग्रजी दप्तरात शिरूरचं ‘सिरुर’ झालं आणि दौंडचं ‘धोंड’. त्याच काळात या मुलखातली माणसं त्या परक्यांना ‘इंग्रज’ म्हणत होती. इंग्लंडातल्या कुणी स्वतःला हे नाव कधी लावलेलं नव्हतं. ते परके या मुलखातल्या माणसांना आणि त्यांच्या बोलीलाही एकच शब्द वापरत होते, ‘महरट्टा’. तो शब्दही इथल्या कुणाच्या तोंडचा नव्हता. म्हणजे दोन्ही लोक एकमेकांना नावं ठेवून होते आणि दोन्ही नावं धन्याच्या ओळखीची नव्हती.

अशा रूपांना ‘अपभ्रंश’ म्हणायचं आणि पुढे जायचं, ही आपली जुनी सवय आहे. साहेबाची जीभ जड होती म्हणून महरट्टा आणि आपले लोक अडाणी होते म्हणून डचांचं वलंदेज, इतकं सांगितलं की विषय संपला असं आपण धरून चालतो. मला हे दोन्ही निकाल चुकीचे वाटतात. एखाद्या लोकसमूहाचं किंवा भाषेचं नाव कानाने ऐकून उचललं जातं तेव्हा त्याचं जे रूप होतं त्यामागे ऐकणाऱ्याच्या भाषेचा नियम असतो, आणि ते नाव कोणत्या वाटेने आलं त्याच्या खुणाही त्या रूपात राहतात. ती चूक नव्हे. खरा अन्याय सुरू होतो तो त्यानंतर, म्हणजे ऐकलेलं रूप छापखान्यात जाऊन पक्कं होतं आणि नावाच्या धन्यालाच ‘तू आता असं लिही’ असं सांगितलं जातं तेव्हा. शिरूर आणि दौंड या दोन गावांत हा फरक उघड्यावर दिसतो.

आधी आपली बाजू पाहू. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, समुद्रावरून आलेल्या व्यापाऱ्यांची यादी आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. या सगळ्यांना मिळून शब्द टोपीकर. आजच्या वाचकाला यातले वलंदेज आणि डिंगमार कोण हे सांगावं लागतं. वलंदेज म्हणजे हॉलंडचे डच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे डॅनिश. हे शब्द इंग्रजीतून आलेलेच नाहीत. ते पोर्तुगिजांच्या तोंडून आले, कारण या किनाऱ्यावर बाकीच्या टोपीकरांची ओळख करून देणारे पहिले तेच होते. पोर्तुगीज भाषेत हॉलंडच्या माणसाला ‘होलांदेस’ लिहितात आणि त्यातला ‘ह’ उच्चारत नाहीत. राहिलं ‘ओलांदेस’. आता शिरूर-दौंडच्या शिवारात ओल्याला ‘वला’ म्हणतात, ओढ्याला ‘वढा’, ओट्याला ‘वटा’ आणि ओळखीला ‘वळख’. शब्दाच्या आरंभीच्या ‘ओ’ला ‘व’ करायची ही मराठी बोलीची जुनी चाल आहे. त्याच चालीने ओलांदेसचा वलंदेज झाला. ज्याने हा शब्द घडवला त्याला परकी भाषा येत नसेल, पण स्वतःची भाषा पुरती येत होती. परक्या शब्दाला त्याने घरच्या शब्दांच्याच रांगेत बसवलं. ‘दिनामार्का’ या पोर्तुगीज देशनामाचं डिंगमार झालं तेही असंच. फरासीस हा फारसी वळणाचा आणि फिरंगी तर त्याहून जुना, पश्चिम आशियात युरोपातल्या ‘फ्रँक’ लोकांवरून पडलेला. पोर्तुगीज काही फ्रँक नव्हते. पण ते आधी आले आणि सगळ्यांसाठी असलेलं नाव एकट्याच्या पदरात पाडून बसले.

‘इंग्रज’ची गोष्ट याहून नाजूक आहे. पोर्तुगिजांत इंग्लिश माणसाला ‘इंग्लेस’ म्हणतात. जोडाक्षरातल्या ‘ल’चा ‘र’ करणं ही पोर्तुगीज भाषेचीच खोड आहे. लॅटिनमधल्या ‘एक्लेसिया’चं त्यांनी ‘इग्रेजा’ केलं, म्हणजे ख्रिस्ती देऊळ. तेव्हा इंग्रेज या रूपातला ‘र’ आपल्या माथी मारण्याआधी तो किनाऱ्यावरच तयार होऊन आला असावा, असं मानायला जागा आहे. गोव्याचे कोशकार सेबास्तियाँव रोदोल्फ दालगाद यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश छापला. तो चाळला की मराठीत ही वाट किती रुंद होती ते समजतं. पाव, बटाटा, चावी, पगार, मेज, इस्त्री हे रोजचे शब्द त्याच वाटेने आलेले. शिरूरच्या छावणीला लोक ‘कंपू’ म्हणत, तोही पोर्तुगीज ‘कांपु’च. इंग्रजांच्या छावणीला इंग्रजी शब्द मिळाला नाही, कारण छावणी येण्याआधी शब्द आलेला होता.

पण शब्द आल्यावर मराठीने त्याचं काय केलं ते अधिक पाहण्यासारखं आहे. ‘इंग्रज’ म्हणा आणि मग ‘इंग्रजी’ म्हणा. दोन्हींत अक्षर एकच, पण ‘ज’ एक नाही. इंग्रजमधला ‘ज’ जर, जहाज, जुना यांतला, दातांशी जाणारा. इंग्रजीमधला ‘ज’ जीव, जिरे यांतला, टाळूशी जाणारा. माझा आणि माझी यांत जो फरक होतो तोच इथे झाला. पुढे ‘ई’ आली की मराठीत दातांचा ज टाळूकडे सरकतो. लोकांचं नाव आणि भाषेचं नाव यांतला हा भेद कुठल्याही व्याकरणाने शिकवला नाही, लिपीने दाखवला नाही, तरी दौंडच्या बाजारातला माणूस तो चुकत नाही. मराठी शिकू पाहणाऱ्या परक्याला मात्र हाच शब्द अवघड जातो. ज्या शब्दाला ‘इंग्लिश’चा बिघडलेला उच्चार म्हणून हिणवलं जातं तो शब्द खुद्द इंग्लिश माणसाला नीट म्हणता येत नाही, इतका तो मराठी झालेला आहे. इंग्रजीत ‘इंग्लिश’ हा एकच शब्द माणसालाही आणि भाषेलाही पुरतो, शिवाय लिहायचा ‘ई’ने सुरू होणारा आणि म्हणायचा ‘इ’ने, म्हणून अक्षरं जुळवत वाचणारं पोर त्याला ‘एंग्लिश’ म्हणतं. आपण दोन शब्द केले आणि तो एक ‘ज’ सोडला तर दोन्ही लिहितो तसेच वाचता येतात.

आता पलीकडची बाजू. महरट्टा हा शब्द रोमन लिपीत लिहिताना आठ अक्षरं लागतात. एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए. यातला दुहेरी ‘टी’ आणि मध्येच आलेला ‘एच’ पाहून कुणालाही वाटेल की ऐकणाऱ्याने काहीतरी गोंधळ केला. पण प्राकृतात या लोकांचं नाव ‘मरहट्ठ’ असंच आहे. जालोरला इसवी सन ७७९ मध्ये पुऱ्या झालेल्या उद्योतनसूरींच्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापली बोली बोलत बाजारात उभे आहेत, त्यांत मरहट्ठही आहे. पुढे दक्षिणेत, म्हणजे आपल्याकडे, ‘ह’ गळला, जोड ‘ट्ठ’चा एकटा ‘ठ’ राहिला आणि मरहट्ठचा मराठा बनला. उत्तरेत मात्र मरहठा, मरहट्टा ही जुनी रूपं टिकली. मोगलांच्या फारसी दप्तरातही हा ‘ह’ ‘र’च्या पाठोपाठच येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी हे नाव पुण्याच्या पेठेत ऐकलं नाही, फारसी जाणणाऱ्या मुनशांकडून आणि हिंदुस्थानीच्या कानाने ऐकलं. त्यांनी फक्त ‘र’ आणि ‘ह’ यांची जागा उलटली. कलकत्त्याभोवती बर्गीच्या, म्हणजे बंगालवर चालून येणाऱ्या मराठा स्वारांच्या, धास्तीने १७४२ साली खणलेल्या खंदकाला ‘महरट्टा डिच’ हेच नाव पडलं होतं. तेव्हा शिरूरला कंपूही नव्हता.

कुणी म्हणेल, इंग्रजांनी काही प्राकृत वाचून हा शब्द घेतला नव्हता, मग जुन्या रूपाशी जुळला याचं श्रेय त्यांना का? श्रेयाचा प्रश्न नाही. म्हणणं एवढंच की तो शब्द हवेतून आला नाही. त्याला कूळ आहे, वाट आहे. वलंदेज जसा पोर्तुगिजांच्या दाराने मराठीत आला तसा महरट्टा फारसीच्या दाराने इंग्रजीत गेला. दोघांनीही नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. धन्याला विचारायला आधी कुणीच गेलं नाही.

विचारायला गेले ते पुढे, आणि त्याचा पुरावा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आहे. विल्यम कॅरीने वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ साली व्याकरण छापलं आणि १८१० साली कोश. दोन्हींच्या नावात भाषा ‘महरट्टा’. व्हान्स केनेडीच्या १८२४ च्या कोशात ‘मराठा भाषा’. म्हणजे तोवर इंग्रजीत लोकांचं नाव हेच भाषेचं नाव होतं. इंग्लिश या शब्दाची सवय असलेल्या डोक्याला त्यात वावगं वाटलं नसणार. मोल्सवर्थ यांनी कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्यासह केलेला कोश १८३१ साली निघाला तेव्हा त्यावर पहिल्यांदा ‘मराठी’ ऐकू येतं, पण दिसतं ‘मुराठी’. हिंदुस्थानीचा व्याकरणकार गिलख्रिस्ट याच्या रोमन लेखनपद्धतीत ऱ्हस्व ‘अ’साठी ‘यू’ आणि दीर्घ ‘ई’साठी दोन ‘ई’ लिहीत, म्हणून एम-यू-आर-ए-टी-एच-ई-ई. स्टीव्हन्सनच्या १८३३ च्या व्याकरणावरही हेच. आणि १८५७ साली मोल्सवर्थ कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तिच्यावर आज आपण लिहितो तेच रोमन रूप आहे. बावन्न वर्षांत एकाच भाषेच्या नावाने चार कपडे बदलले. महरट्टा, मराठा, मुराठी, मराठी. शेवटची ‘ई’, जी माणूस आणि भाषा यांत फरक करते, ती शास्त्र्यांसोबत बसल्यावर इंग्रजीत पोचली. याचा अर्थ असा की परक्याच्या कानाला सुधारता येतं. इंग्रजांना ‘ठ’ म्हणताच येत नाही, मग बिचारे काय करणार, हा जो बचाव नेहमी केला जातो तो म्हणूनच अर्धाच खरा. ‘ठ’ येत नसेल, पण ‘ई’ तर येत होती. ती ऐकायला पंचवीस-तीस वर्षं लागली, कारण तोवर ऐकायची गरज वाटली नव्हती.

इथे मात्र एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. १८५७ चं शुद्ध रूप तोंडाला अधिक शुद्ध आहे का? नाही. ‘टीएच’ पाहिलं की इंग्लंड-अमेरिकेतला वाचक जीभ दातांत आणतो आणि ‘मराथी’ म्हणतो. जुना दुहेरी ‘टी’ वाचून तो निदान कठीण ‘ट’ तरी म्हणायचा. ठाण्याचंही असंच झालं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ज्या गावाला गेली त्याला इंग्रजीत ‘टॅना’ लिहीत. आज आपण ते सुधारलं आणि परका प्रवासी ‘थेन’ म्हणू लागला. रोमन लिपीत ‘थ’ आणि ‘ठ’ दोघांना एकच कपडा. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत आपल्या भाषेचं नाव ‘मराथी’ असं ऐकावं लागतं ते या शुद्धीपायी. कानाने घडवलेलं रूप डोळ्याला ओबडधोबड दिसतं पण ऐकू बरं येतं, आणि डोळ्याने घडवलेलं रूप दिसतं नीट पण तोंडात बिघडतं. म्हणून शुद्धलेखनाने उच्चाराचा प्रश्न सुटला असं समजू नये.

आता शिरूर. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या नावाने ठेवलेल्या कंपनीच्या फौजेचं ठाणं इथे पडलं, आणि १८१७ साली उभारलेल्या घोडदळाचं, पुढच्या ‘पूना हॉर्स’चंही. मराठीत इ, ई, ए यांच्याआधी ‘स’ सहसा तगत नाही. सीमेची शीव होते, सिंदुराचा शेंदूर, सीवनाची शिवण. जो मराठी बोलत नाही त्याच्या कानाला हा ‘श’ आणि ‘स’ यांतला फरक मोलाचा वाटत नाही. छावणीत कोण होते ते पाहिलं तर हिंदुस्थानी बोलणारे शिपाई, दक्षिणेतून आलेल्या मद्रासच्या पलटणी, स्कॉटलंडचे अधिकारी. यांच्यापैकी कुणाच्या तोंडून ‘सिरुर’ कागदावर गेलं ते सांगता येणार नाही, पण मराठी तोंडातून गेलं नसावं इतकं मात्र त्या एका ‘एस’वरून म्हणता येतं. गंमत पाहा, इंग्रजीतल्या ‘ज’ला टाळूकडे सरकवणारा नियम आणि शिरूरमधल्या ‘स’ला ‘श’ करणारा नियम हे सख्खे भाऊ आहेत. मराठीने परक्याच्या नावाला जो संस्कार दिला तोच परक्याला आपल्या नावात ऐकू आला नाही.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन सुमारे पाचशे पायदळ, तीनशेच्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा घेऊन पुण्याकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. त्या लढाईचा मानसन्मान पुढे पलटणींच्या निशाणांवर आणि १८५१ साली दिल्या गेलेल्या पदकावर आला तो ‘कोरिगाऊम’ या रूपात. गावाला ‘गाऊम’ हे कुठून आलं? बेळगावच्या इंग्रजी रूपातही हेच होतं. पोर्तुगीज लेखनात शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘एम’ ओठ मिटायला सांगत नाही, स्वर नाकातून काढायला सांगतो. आपल्याकडेही तेव्हा ‘गांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि तो स्वर नाकातून निघत असे. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले आणि गांवचं गाव झालं. ज्या ‘एम’ला आपण हसतो तो बहुधा आपल्याच हरवलेल्या अनुस्वाराची इंग्रजी कागदावरची नोंद आहे. पुढच्या इंग्रजांनी तो डोळ्याने वाचला आणि खरोखरचा ‘म’ करून टाकला, हा दोष मूळ ऐकणाऱ्याचा नाही.

नदीच्या अलीकडे पेरणे गावच्या हद्दीत या लढाईचा स्तंभ आहे. त्याची पायाभरणी १८२१ साली झाली. त्यावर इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही लेख आहेत आणि कंपनीच्या बाजूने पडलेल्या एकोणपन्नास जणांची नावं आहेत. त्यांतली बावीस नावं ‘नाक’ या शब्दाने संपतात, जो महार समाजात नावाला जोडून येत असे. दगडावर तो रोमन लिपीत एन-ए-सी असा आहे. इंग्रजी वाचणारा त्याला ‘नॅक’ म्हणेल. माझ्या म्हणण्याला सर्वात जड जाणारा पुरावा हाच आहे. इथे परक्याने नाव वेडंवाकडं ऐकलं, वेडंवाकडं कोरलं, पण कोरलं. महार शिपायाचं नाव उंच खांबावर कोरलेलं दाखवा म्हटलं तर त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरा दगड सहज सापडणार नाही. ज्यांची नावं आपल्या दप्तरांनी मानाने लिहिली नाहीत त्यांना ‘सी’ आणि ‘के’ यांतला फरक घेऊन काय करायचं होतं? १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर या स्तंभापाशी आले तेव्हा त्या नावांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. तेव्हा छापणाऱ्याच्या हातातली सत्ता नेहमी नाव बुडवतेच असं नाही. पण तिच्या हातात ते असतं, हे या स्तंभावरूनही तितकंच दिसतं. कुणाचं नाव टिकेल आणि कोणत्या अक्षरांत टिकेल हे कोरणाऱ्याने ठरवलं, नावाच्या धन्याने नव्हे.

दौंडला छावणी नव्हती, तिथे गाडी आली. जी.आय.पी.ची लाईन १८५८ साली पुण्याहून दिक्सळपर्यंत उघडली तेव्हा दौंड त्या वाटेवर आलं, आणि १८७८ साली मनमाडची लाईन निघाल्यावर ते जंक्शन झालं. इंजिनांची, गार्डांची, फिटरांची वस्ती वाढली, रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं आली. अँग्लो-इंडियन हा शब्दही असाच फिरलेला. आधी तो हिंदुस्थानात राहणाऱ्या अस्सल इंग्रजांना लावत, १९११ च्या सुमारास सरकारने तो मिश्र वंशाच्या लोकांना दिला आणि आपल्या घटनेच्या ३६६ व्या कलमात त्याची व्याख्या झाली. एवढ्या लोकांच्या येण्याजाण्याच्या गावाचं नाव वेळापत्रकात गेलं ते ‘डी-एच-ओ-एन-डी’. मराठी ‘द’ दातांचा आणि इंग्रजी ‘डी’ आपल्या कानाला ‘ड’सारखा. हा ‘डी’ आपल्या नेहमीच्या ‘डी’सारखा नाही हे दाखवायला लिहिणाऱ्याने ‘एच’ घातला असावा. हेतू चांगला, पण मराठी माणूस ते वाचताना ‘धोंड’ वाचतो आणि इंग्रज ‘डॉन्ड’. ‘औ’ तर गेलाच. जीभ अडखळली हा गुन्हा नव्हे. पण दौंडचा शेतकरी गुळाच्या ढेपा घेऊन मालधक्क्यावर गेला की पावतीवर धोंड, तिकिटावर धोंड, नोकरीचा अर्ज करायचा तर त्यावरही धोंड. त्याला स्वतःच्या गावाचं नाव परक्याने ऐकलं तसं लिहावं लागलं. उलट कुणा लंडनच्या माणसाला आयुष्यात कधी ‘मी इंग्रज’ असं लिहून द्यावं लागलं नाही. वलंदेज, डिंगमार, फरासीस हे शब्द मराठीच्या घरातच राहिले आणि त्यांनी बाहेर जाऊन कुणाची पाटी बदलली नाही. दोन्ही बाजूंचे कान सारखे होते, छापखाने नव्हते.

यावर एक आक्षेप असा येतो की महरट्टा हे रूप आपल्याच थोरांनी आपलंसं केलं, मग लादलं कुणी? जानेवारी १८८१ मध्ये टिळक-आगरकरांच्या मंडळींनी ‘केसरी’बरोबर जे इंग्रजी साप्ताहिक काढलं त्याचं नाव ‘महरट्टा’ असंच होतं, तेव्हा मोल्सवर्थचं नवं रूप चोवीस वर्षांचं झालेलं. पुण्यात १९३४ साली निघालेली व्यापाऱ्यांची संस्था आजही तेच रोमन रूप वापरते. मला यात गुलामी दिसत नाही. इंग्रजी वाचणाऱ्या जगाने या लोकांना ज्या नावाने घाबरून ओळखलं होतं, ज्या नावाने खंदक खणले होते, तेच नाव त्यांनी मुद्दाम घेतलं, आणि इंग्रजी पत्रासाठीच घेतलं. मराठीत बोलताना त्या पत्राला लोक ‘मराठा’च म्हणत. नाव लिहायचं कसं हे तिथे धन्याने ठरवलं होतं. दौंडच्या पावतीवर ते त्याने ठरवलेलं नव्हतं. रूप एकच असू शकतं, पण निवडलेलं आणि नेमून दिलेलं यांत अंतर राहतंच.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. आपणही हेच करत आलो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर ही आपण ठेवलेली रूपं आहेत आणि जिथे मराठी दप्तर होतं तिथे ती चाललीही. कर्नाटकातल्या भाषेला आपण शतकानुशतकं कानडी म्हटलं. तो शब्द मराठीत सरळ मनाने आलेला, ज्ञानेश्वरांच्या काळापासूनचा, त्यात हेटाळणी नव्हती. पण ती भाषा बोलणाऱ्यांना कन्नड हवं आहे असं कळल्यावर आज मराठी लेखक कन्नड लिहू लागले आहेत. म्हणजे मोल्सवर्थने १८५७ मध्ये जे केलं ते आपणही केलं, जरा उशिरा. जुन्या लेखातला ‘कानडी’ खोडू नये आणि नव्या लेखात तो हट्टाने लिहू नये. पूना हॉर्सच्या निशाणावरचं कोरिगाऊमही तसंच राहावं, त्यात एक अनुस्वार जपलेला आहे. दौंडच्या पाटीवर मात्र दौंडच हवं होतं आणि आज ते आहे. रेल्वेच्या तारखात्याच्या काळापासून चालत आलेल्या संक्षेपात त्या स्थानकाला ‘डीडी’ म्हणतात, त्याला ना जुन्या ‘एच’ची गरज पडली ना नव्या ‘ए-यू’ची.

शिरूरमध्ये नावाचा प्रश्न सोडवायची आणखी एक रीत होऊन गेली. असईच्या लढाईत लढलेला आणि नंतर या ठाण्याचा प्रमुख असलेला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली इथे वारला. त्याची कबर शिरूरला आहे. १८८५ साली निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या पुणे खंडात नोंद आहे की ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर शिरूरचे आणि आसपासच्या खेड्यांतले बाकी हिंदू या कबरीला भजतात. ‘वॉ’ म्हणायला मराठी ओठांना जड नाही, वाळवा, वासुंदे म्हणणारे ते ओठ. तरी त्यांनी ते नाव ऐकून वाकवलं नाही आणि वाचून लिहिलंही नाही. त्यांनी त्याला ‘सत्पुरुष’ म्हटलं. पाऊणशे वर्षांनंतरही सुगी झाली की नव्या धान्याचा पहिला नैवेद्य त्या कबरीपुढे येत होता, आणि आणणाऱ्याला सत्पुरुष कोणत्या देशाचा, त्याची भाषा कोणती, हे विचारायची वेळ येत नव्हती.